वीज केंद्र बाहेरून बघून ओळखायचं कसं? आधी शाफ्ट कोण फिरवतंय ते शोधा

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, साखर कारखान्याच्या को-जनमध्ये, म्हणजे कारखान्यातल्याच वीज केंद्रात, बरेच सीझन काढलेत, त्यामुळे घरात, शेजारी, पाहुण्यांत कुणाच्या पोराला "वीज कशी तयार होते" असा प्रोजेक्ट आला की ते पोरगं माझ्याकडेच पाठवतात. आणि पुस्तकात लिहिलेलं असतं की उष्णता ऊर्जेचे रूपांतर यांत्रिक ऊर्जेत व यांत्रिक ऊर्जेचे रूपांतर विद्युत ऊर्जेत होते, ते पाठ करून पोरांना मार्क मिळतात पण कळत काहीच नाही. म्हणून मी ज्या क्रमाने समजावतो त्याच क्रमाने इथे लिहितोय, सोबत हाताने करून बघायच्या दोन-तीन गोष्टी पण आहेत, त्या टाळू नका, कारण खरी गंमत तिथेच आहे.

सगळ्यात आधी एक पिवळी बीओ मोटर आणा, शाळेच्या रोबोटिक्स किटमध्ये असते ती, बाहेरही शंभर रुपयांच्या आत मिळते. तिला आतमध्ये गिअर असतात म्हणून हाताने फिरवली तरी आतली मोटर भरपूर जोरात फिरते. तिच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, चाक बसवा, दोन वायरींना एक लाल एलईडी जोडा आणि चाक हाताने गरागरा फिरवा. एलईडी लागेल, नाही लागला तर उलटं फिरवा. झालं, हे तुमचं वीज केंद्र. कॉइल आणि चुंबक एकमेकांसमोर हलले की तारेत वीज तयार होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं, आणि आज पाचशे मेगावॅटच्या जनरेटरमध्ये पण तेच चालतं, फक्त तिथे फिरणारा रोटरच अनेक टनांचा असतो.

आता एलईडी काढा, दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना चिकटवा आणि परत चाक फिरवा. चाक जड लागतं! वायरी सोडल्या की लगेच हलकं. हे तीन-चार वेळा करा, घाई नको. ज्यांनी लहानपणी सायकलला डायनामो लावला असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको, रात्री डायनामो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं आणि चढावर तर नको तो दिवा असं व्हायचं. तारेतून वीज वाहायला लागली की ती स्वतःच शाफ्टला उलटं ढकलते. म्हणजे वीज फुकट निघत नाही, जेवढी काढाल तेवढा जोर कुणीतरी शाफ्टवर लावलाच पाहिजे. सगळ्या वीज केंद्रांची भानगड एवढीच आहे की हा जोर लावायचा कुणी, पाण्याने, वाफेने, वाऱ्याने की आणखी कशाने.

त्यामुळे कुठलंही केंद्र दिसलं की पहिला प्रश्न हाच: शाफ्ट कोण फिरवतंय?

पाण्यापासून सुरू करतो कारण ते सगळ्यात सरळ आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघितली असेल तर अर्धं काम झालं, तिथे डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडलंय आणि त्या पाण्याने जातं फिरायचं. जात्याच्या जागी जनरेटर ठेवा, झालं जलविद्युत केंद्र. ओळखायची खूण म्हणजे डोंगरावरून खाली उतरणारे जाडजूड पाईप, त्याला पेनस्टॉक म्हणतात. खोपोलीला टाटांचं केंद्र आहे, १९१५ पासूनचं, लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची म्हणून ते उभं राहिलं. नंतर १९२२ ला भिवपुरी आणि १९२७ ला भिरा. (भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधलं, त्यात लोकांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला, हे पण पोरांना सांगत जा, वीज काही आभाळातून पडत नाही.)

इथे गणित करायला लावा, सोपं आहे. पाणी किती आणि किती उंचावरून, बस्स दोनच गोष्टी लागतात. सेकंदाला किती घनमीटर पाणी येतंय गुणिले किती मीटर उंची गुणिले ९.८, उत्तर येतं किलोवॅटमध्ये, त्यातले दहा टक्के मशीनमध्ये गेले असं धरा. आता तुमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या, जमिनीपासून दहा मीटरवर. ती पूर्ण खाली सोडून वीज काढली तर किती मिळेल? जेमतेम २७ वॅट-अवर, म्हणजे नऊ वॅटचा एलईडी बल्ब तीन तास, तो पण काही वाया गेलं नाही तर. अख्खी टाकी रिकामी आणि एक बल्ब! हेच हजार लिटर कोयनेच्या पोफळीच्या केंद्रात साधारण पावणेपाचशे मीटरवरून खाली येतं आणि एक युनिटपेक्षा थोडी जास्त वीज देऊन जातं. म्हणून घाटाची कड शोधतात. धरण मोठं म्हणजे वीज जास्त असं लोकांना वाटतं पण धरण ही फक्त टाकी आहे, खरी कमाई उताराची. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच, पण पाणी धरणाच्या पायथ्याशी न सोडता बोगद्याने पश्चिमेला नेऊन कोकणात खाली टाकलंय म्हणून त्याला एवढी उंची मिळते. धरणाच्या पायथ्याला पण एक केंद्र आहे, ते फक्त ४० मेगावॅटचं, आणि सगळे टप्पे मिळून कोयना आहे १९६० मेगावॅट. फरक बघा. पोफळीला वीज करून झालेलं पाणी पुन्हा कोळकेवाडीला अडवून अलोऱ्याला परत वापरतात आणि मग वाशिष्ठीत सोडतात, उसाचा चोथा दुसऱ्यांदा चरकात घालतात तसं. पण कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी कोकणात गेलं की परत येत नाही, त्यामुळे कृष्णा पाणी वाटप लवादाने पश्चिमेला न्यायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातलीय आणि दुष्काळी वर्षात त्यावरून दरवेळी वाद होतात.

पाण्याचा आणखी एक गुण म्हणजे वेग. झडप उघडली की काही मिनिटांत मशीन पूर्ण लोडवर, बंद केली की बंद. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता सगळ्यांनी नऊ मिनिटं दिवे बंद केले होते ते आठवतंय ना, तेव्हा देशाची मागणी अचानक जवळपास ३१ हजार मेगावॅटने पडली आणि परत वर आली, ती पाण्याच्या मशीन खालीवर करूनच मुख्यतः सांभाळली. कोळशाच्या संचाला असं एकदम बस-ऊठ म्हणता येत नाही, थंड पडलेला संच परत चालू करायला कितीतरी तास जातात. घाटघरला तर २५० मेगावॅटचं केंद्र आहे जिथे जास्तीची वीज असताना पाणी खालून वर चढवतात आणि गरज लागली की तेच खाली सोडतात. चढवायला जेवढी लागते त्यापेक्षा कमीच परत मिळते, तरी परवडतं, कारण वीज हवी तेव्हा मिळण्याला किंमत आहे.

आता वाफ. इथे जरा जास्त थांबू कारण आपल्या घरातली बरीचशी लाईट इथून येते. कुकरची शिट्टी उडते तो जोर सगळ्यांनी बघितलाय, तोच जोर शाफ्टवरच्या पात्यांवर सोडला की शाफ्ट फिरतो (या पात्यांच्या चक्राला टर्बाइन म्हणतात), फक्त इथे वाफ साधारण ५४० डिग्रीची असते आणि दाब कुकरच्या दीडशेपटीच्या आसपास. अशी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. लाईन कुठे लीक असेल तर पांढरं ढग दिसतं ते गळतीपासून थोडं लांब, जिथे ती गार होते तिथे, आणि मधल्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत हात घातला तर हात गेला. आमच्याकडे नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचे, आवाज येतोय आणि दिसत काही नाही तर पुढे जायचं नाही.

चंद्रपूर, कोराडी, परळी ही सगळी औष्णिक केंद्रं याच तत्त्वावर. चंद्रपूर २९२० मेगावॅट, कोराडीचे नवे तीन संच प्रत्येकी ६६० चे. कोळसा दळून टाल्कम पावडरसारखा बारीक करतात, गरम हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात, तिथे तो हवेतच जळतो. बॉयलरच्या भिंती म्हणजे सगळ्या पाण्याच्या नळ्या. आणि हा एवढा मोठा, कित्येक मजली बॉयलर खाली जमिनीवर टेकलेला नसतो, वरून टांगलेला असतो! तापला की तो खाली वाढतो, त्याला वाढायला जागा पाहिजे. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेलं नव्हतं.

वाफ टर्बाइनमध्ये शिरते तेव्हा दाट असते म्हणून सुरुवातीची पाती छोटी, पुढे जाईल तशी ती फुगते म्हणून पाती मोठी मोठी होत जातात, शेवटची तर माणसाच्या हातापेक्षा लांब. टर्बाइनमधून बाहेर पडली की तिचं परत पाणी करायला लागतं, त्यासाठी खाली कंडेन्सर असतो, त्यात गार पाण्याच्या हजारो नळ्या. पोरं विचारतात, वाफेचं पाणी कशाला करायचं, तीच वाफ परत बॉयलरमध्ये का ढकलायची नाही? कारण वाफ दाबायला प्रचंड ताकद लागते, जेवढी वीज केली त्यातली बरीचशी त्यातच जाईल, पाणी मात्र साध्या पंपाने ढकलता येतं. शिवाय वाफेचं पाणी झालं की जागा एकदम कमी होते, व्हॅक्यूम तयार होतो आणि तो टर्बाइनमधली वाफ स्वतःकडे ओढतो. पुढून ढकलणारा आणि मागून ओढणारा असे दोघं मिळाले की शाफ्टला जास्त जोर मिळतो.

पण वाफेचं पाणी करायचं म्हणजे तिची उष्णता कुठेतरी टाकायलाच हवी आणि इथेच सगळ्यात मोठा तोटा होतो. कोळशातल्या शंभर भाग उष्णतेतून वीज होते जेमतेम पस्तीसच्या आसपास, बाकीची बरीचशी या कंडेन्सरच्या गार पाण्यात जाते आणि ते पाणी परत गार करायला ते डमरूच्या आकाराचे कूलिंग टॉवर असतात. चंद्रपूरला जाताना लांबून ते दिसले की गाडीत कुणीतरी म्हणतंच, बाप रे किती धूर. तो धूर नाही, पाण्याची वाफ आहे. धूर जातो तो बारीक उंच चिमणीतून, आणि राख पकडणारी यंत्रणा नीट चालत असेल तर तिथे फार काही दिसतच नाही. म्हणजे लोक ज्याला घाबरतात ते पाणी असतं आणि ज्याला घाबरायला पाहिजे ते दिसत नाही. राख मात्र खूप, आपल्याकडच्या शंभर किलो कोळशात तीस-चाळीस किलो राखच निघते. आणि पाणी तर एवढं लागतं की २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवायला लागलं होतं.

घरचा हिशोब करा. एका युनिटला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. बिलावर महिन्याचे युनिट बघा, दीडशे असतील तर शंभर किलोच्या आसपास, म्हणजे दोन पोती कोळसा दर महिन्याला तुमच्या नावाने जळतो, सगळी वीज कोळशाची धरली तर. पाचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण लोडवर दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा खातो, म्हणजे दोन अख्ख्या मालगाड्या. रोज. म्हणून कोळशाच्या केंद्राची खूण म्हणजे चिमणीच्या आधी रेल्वेचा फाटा बघायचा.

तारापूर पण वाफेचंच आहे, लोकांना वाटतं अणुशक्तीतून डायरेक्ट वीज निघत असेल, तसं काही नाही, युरेनियमचे अणू फुटून जी उष्णता निघते त्यावर पाणी तापवायचं, पुढचं सगळं तेच. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले, त्यात अणुभट्टीतच पाणी उकळून तीच वाफ टर्बाइनला जाते. नंतरचे ५४० मेगावॅटचे दोन जड पाण्यावरचे (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी) आहेत, तिथे भट्टीतलं पाणी वेगळं फिरतं आणि ते दुसऱ्या पाण्याला तापवून वाफ करतं. समुद्राचं पाणी थंड करायला शेजारीच आहे, त्यामुळे तिथे डमरू टॉवर शोधत बसू नका.

उरणला गॅस. तिथे गॅस जाळून गरम हवेचा झोतच पात्यांवर सोडतात, विमानाच्या इंजिनासारखं, मध्ये पाणी नाही. आणि बाहेर पडणारा झोत इतका गरम असतो की त्यावर परत वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवतात. एकाच इंधनातून दोनदा काढलं की निम्म्याच्या आसपास उष्णतेची वीज होते, कोळशापेक्षा बरंच जास्त.

आता माझा कारखाना. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतो, निम्मा ओला. तो बॉयलरला जातो, वाफ टर्बाइनला, आणि इथे खरी हुशारी आहे, टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ आम्ही आभाळात घालवत नाही, ती रस आटवायला वापरतो. चंद्रपूरला जी उष्णता कूलिंग टॉवरमधून जाते ती आमच्याकडे साखर शिजवते. म्हणून को-जन (को-जनरेशन, वीज आणि उष्णता सोबतच) म्हणतात. उरलेली वीज बाहेर विकायची. अडचण एकच, गाळप हंगाम संपला की बगॅस संपला.

बाहेर विकायची म्हटलं की मशीन ग्रिडला, म्हणजे देशभरच्या तारांच्या जाळ्याला, जोडायचं आलं आणि हे काम बघण्यासारखं असतं. आपल्या देशातली सगळी मोठी जनरेटर एकाच तालावर फिरतात, सेकंदाला ५० आवर्तनं. वाफेची मशीन असेल तर बहुतेक मिनिटाला ३००० फेरे, पाण्याची मशीन हळू फिरते पण तिच्यात चुंबकाच्या जोड्या जास्त असतात म्हणून ताल तोच पडतो. नवीन मशीन आधी मोकळं फिरवून तालावर आणायचं, व्होल्टेज जुळवायचं आणि मग सिंक्रोस्कोपचा काटा बघायचा, आपला आणि ग्रिडचा ताल किती जुळलाय ते तो दाखवतो. काटा घड्याळाच्या दिशेने अगदी सावकाश फिरला पाहिजे, बाराच्या जरा अलीकडे आला की ब्रेकर, म्हणजे जोडणीचा मोठा स्विच, मारायचा. दोरीउड्या खेळताना दोरी फिरत असते आणि तुम्ही मध्ये शिरता ना, तसंच, चुकीच्या क्षणी शिरलात तर फटका. आता सगळं ऑटो असतं, पण मी शिकताना आमचे फोरमन हाताने करायला लावायचे आणि काटा बाराला यायच्या आत माझ्या हाताला घाम यायचा. एकदा मी थोडा उशिरा मारला, अख्ख्या फाउंडेशनला असा धक्का बसला की शेजारच्या कपातला चहा सांडला. फोरमन काही बोलले नाहीत, फक्त चहा दुसरा मागवला.

एकदा जोडलं की आपलं मशीन एकटं पळूही शकत नाही आणि मागे राहूही शकत नाही, वाफ वाढवली तर वेग नाही वाढत, लोड वाढतो. आणि सगळ्या देशात मिळून मागणी जास्त झाली की सगळीच मशीन जराशी मंदावतात, ५० चे ४९.९ होतात, तेव्हा गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारी यंत्रणा, आपोआप वाफ किंवा पाणी वाढवतो. मोटरच्या वायरी चिकटवल्यावर चाक जड झालं होतं ना? तेच हे.

पवनचक्की ओळखायला शिकवायला नको. साताऱ्याच्या वर चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर जा, पावसाळ्यात जा, तेव्हाच खरा वारा असतो. लक्षात ठेवायचं एकच, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वीज दुप्पट नाही, आठपट होते. म्हणून जागेला एवढं महत्त्व. पाती मिनिटाला पंधरा-वीस फेरे घेतात, बहुतेक मशीनमध्ये वर डोक्यात गिअरबॉक्स असतो, तो वेग वाढवून जनरेटरला देतो. वारा फारच कमी असेल किंवा वादळी असेल तर ती मुद्दाम थांबवतात, त्यामुळे उभी पवनचक्की दिसली की बिघडली असं म्हणू नका.

आणि सोलर हा या सगळ्यातला वेगळा गडी, तिथे शाफ्टच नाही. धुळ्याच्या साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प आहे, आत गेलात तर काही फिरताना दिसणार नाही, आवाज येईल तो इन्व्हर्टरच्या पंख्यांचा. सिलिकॉनवर प्रकाश पडला की आतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि एका बाजूला ढकलले जातात, डीसी वीज मिळते, तिची एसी करायला इन्व्हर्टर. लक्षात घ्या, प्रकाशाने वीज होते, उष्णतेने नाही. उलट पॅनेल तापलं की वीज घटते, त्याची क्षमता २५ डिग्रीला मोजलेली असते आणि मे महिन्यात पॅनेल साठ डिग्रीच्या वर जातं, तेव्हा दहा-बारा टक्के सहज कमी. गच्चीवर लावलं असेल तर एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट धरा आणि धूळ पुसत जा.

शेवटची गोष्ट करायला आणखी एक पिवळी मोटर लागेल. दोन्ही मोटरच्या वायरी एकमेकींना जोडा, दोन्हींना चाकं बसवा. एक चाक हाताने जोरात फिरवा, दुसरं आपोआप फिरेल. तुमच्या हातातलं पोफळी, दुसरं तुमच्या घरातला पंखा. आता दुसऱ्या कुणाला तरी ते फिरणारं चाक बोटांनी घट्ट धरायला सांगा, आणि तुम्ही डोळे मिटून पहिलं चाक फिरवत रहा. त्याने चाक कधी धरलं आणि कधी सोडलं, ते तुमच्या मनगटाला कळेल.